फिटच्या गोळ्या आणि विसरणं, न सुचणं, चिडचिड: सारखे सारखे येणारे प्रश्न

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला पहिली फिट आली, आता ती बावीसची आहे, म्हणजे अकरा वर्षं झाली आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ गोळीचा अलार्म वाजतोय. ओपीडीच्या बाकड्यावर बसून बसून ओळखी झाल्या, नंबर घेतले-दिले, आणि आता सोलापुरातनं, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडनं मेसेज येत राहतात. फिट थांबल्या का हे सगळे विचारतात. पण फिट थांबल्यावर जे सुरू होतं, विसरणं, शब्द न सापडणं, डोकं जड, चिडचिड, ते विचारायला लोक लाजतात आणि रात्री दहानंतर मेसेज करतात. तेच प्रश्न इथं एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही. डोस किती घ्यायचा हे मी कुणालाच सांगत नाही, इथंही सांगितलेलं नाही.

१. ताई, फिटच्या गोळ्यांनी खरंच विसरायला होतं का, का आमच्याच मनाचे खेळ आहेत?

खरंच होतं. सगळ्यांना नाही, सगळ्या गोळ्यांनी सारखं नाही, पण होतं, आणि ते औषधाच्या पुस्तकांत छापलेलं आहे. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशी एकदम, प्रमाणाबाहेर पेटणं, आणि गोळीचं काम म्हणजे ती पेटापेटी दाबणं. आता दाबताना कधीकधी रोजच्या कामाचा वेगही जरा कमी होतो, म्हणून लक्ष लागायला वेळ लागतो, उत्तर यायला वेळ लागतो, ऐकलेलं डोक्यात राहत नाही. "बुद्धी गेली" असं याला म्हणू नका. बहुतेकांत हा वेग मंदावण्याचा प्रकार असतो, आणि डोस किंवा गोळी बदलली की सुधारतो (प्रश्न १५ बघा).

२. पण हे गोळीमुळेच आहे कशावरून? आजारामुळे पण होत असेल की?

हो, आजारामुळेही होतं. नवीन निदान झालेल्या, अजून एकही गोळी न घेतलेल्या लोकांची चाचणी केली तरी त्यातल्या बऱ्याच जणांत लक्ष आणि आठवणीची अडचण सापडते. कानशिलामागच्या भागातनं, म्हणजे टेम्पोरल लोबमधनं फिट येत असतील तर आठवणीला जास्त धक्का बसतो कारण आठवण साठवायची जागाच तिथं आहे. शिवाय मोठ्या फिटनंतर कधीकधी दोन-तीन दिवसही डोकं धुकं धुकं असतं ते वेगळंच.

ओळखायचा साधा मार्ग तारीख. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, दुसरी गोळी कधी जोडली, आणि त्रास कधी सुरू झाला, हे चारी एका कागदावर लिहा. डोस वाढवल्यावर पंधरा दिवसांत विसरणं वाढलं तर बोट गोळीकडं जातं. तीन वर्षं तीच गोळी तोच डोस आणि त्रास आत्ता सुरू झाला, तर कारण दुसरीकडं शोधायला लागतं (प्रश्न १४).

३. कुठल्या गोळीने जास्त होतं? नावं सांगा.

नावं सांगते पण नावं वाचून गोळी फेकू नका, तुमच्या फिटच्या प्रकाराला कदाचित तीच लागते.

जुन्यात फेनोबार्बिटोन (गार्डिनाल) सगळ्यात जास्त सुस्ती आणतं. १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, म्हणून अजून खूप जणांकडं आहे. फेनिटॉइन (इप्टॉइन), कार्बामॅझेपीन (टेग्रेटॉल) आणि व्हॅलप्रोएट या तिघांनी थोडं मंदपण येऊ शकतं, डोस जास्त असला तर जास्त. नव्यातली टोपिरामेट ही आठवण आणि शब्दांच्या बाबतीत सगळ्यात त्रासदायक, झोनिसामाइड तिच्या मागोमाग. लॅमोट्रिजीन डोक्याला सगळ्यात हलकी मानतात. लेव्हेटिरासिटॅम पण आठवणीला हलकी आहे पण तिचा त्रास वेगळा आहे (प्रश्न ५). क्लोबाझाम (फ्रिसियम) झोप आणते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्यांची संख्या. एका गोळीपेक्षा तीन गोळ्यांवर असणाऱ्याला त्रास जास्त. म्हणून "आणखी एक जोडूया" असं डॉक्टर म्हणाले की आम्ही हळूच विचारतो, "आधीची एखादी कमी करता येईल का?" हा प्रश्न विचारायला घाबरू नका, चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

४. बायको बोलता बोलता थांबते, साधा शब्द आठवत नाही. टोपिरामेट चालू आहे. हे काय आहे?

हे माझ्या घरात घडलंय म्हणून सविस्तर लिहिते.

मुलगी सतरा वर्षांची, बारावीला. फिट पूर्ण थांबत नव्हत्या म्हणून टोपिरामेट जोडली. महिन्याभराने एकदा भाकरी करायला बसली आणि मला म्हणाली, "मम्मी ते दे की... ते... ते लाकडाचं... पीठ मळायचं." काठवट. ज्वारीच्या भाकरीच्या घरात वाढलेली पोरगी, रोज हातात घेते ती काठवट, आणि शब्द ओठावर येईना. वस्तू समोर दिसतेय, हात तिकडं दाखवतोय, काय करायचं ते माहितीय, फक्त नाव येत नाही. मी काय केलं? रागावले. मोबाईल बघून बघून डोकं गेलंय म्हणाले. तीन महिने असेच गेले, तिने वर्गात बोलणं बंद केलं कारण मधेच अडकायची भीती वाटायची, आणि मला वाटलं पोरगी शांत झाली. या तीन महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.

टोपिरामेटचा हा ठरलेला त्रास आहे: शब्द न सापडणं, पटापट बोलता न येणं, विचार संथ होणं. डोस भराभर वाढवला तर जास्त होतो, हळूहळू वाढवला तर कमी होतो, काहींना मात्र छोट्या डोसलाही होतो. तुमच्या मिसेसना रागावू नका, शब्द तुम्ही सांगा आणि पुढं बोलू द्या. आणि डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, "वस्तू ओळखते, नाव येत नाही." आम्ही सांगितल्यावर एका ठिकाणी "फिट थांबल्या ना, मग एवढं चालायचंच" असं उत्तर मिळालं. दुसरीकडं दाखवलं, त्यांनी हळूहळू लॅमोट्रिजीनवर नेलं. लॅमोट्रिजीन फार सावकाश वाढवायला लागते, नाहीतर अंगावर गंभीर पुरळ उठू शकते, त्यामुळे बदलाला महिने गेले.

५. लेव्हिपिल सुरू झाल्यापासून नवरा सारखा चिडतो, भांडी आपटतो. आधी असा नव्हता.

लेव्हिपिल म्हणजे लेव्हेटिरासिटॅम. चिडचिड, राग, रडू येणं, उदास वाटणं हा तिचा माहितीतला त्रास आहे. आधीपासून मनाचा आजार असेल तर शक्यता जास्त. घरच्यांना वाटतं माणूस बदलला, सासू म्हणते सुनेने काहीतरी केलं, आणि खरं कारण स्ट्रिपमध्ये असतं.

ही गोष्ट पुढच्या तारखेपर्यंत ठेवायची नाही. "जगून काय उपयोग" असं काही बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. नुसता राग असेल तरी आठवडाभरात कळवा. डोस कमी करतात किंवा दुसरी गोळी देतात. काही डॉक्टर व्हिटॅमिन बी ६ देऊन बघतात, काहींना बरं वाटतं, पण त्याचा पुरावा अजून कच्चा आहे, मनाने मेडिकलमधनं आणून सुरू करू नका.

६. नवी गोळी सुरू होऊन आठ दिवस झाले, दिवसभर झोप येते. कायम असंच राहणार?

बहुतेक वेळा नाही. सुरुवातीची गुंगी शरीराला सवय झाली की दोन ते चार आठवड्यांत उतरते. महिना उलटून गेला तरी दुपारी ताटावर डुलकी येत असेल तर सांगा. काही गोळ्यांचा मोठा भाग रात्री देता येतो, तेही डॉक्टरच ठरवतील. पण चालताना तोल जातोय, एकाचे दोन दिसतायत, जीभ जड झालीय, उलट्या होतायत, तर ती साधी सुस्ती नाही, डोस जास्त झाल्याची खूण आहे, त्याच दिवशी दाखवा (प्रश्न ९).

७. मुलगा दहावीला आहे. परीक्षेपुरती गोळी बंद ठेवू का? नंतर परत सुरू करतो.

नाही. हात जोडून सांगते, नाही.

गोळी अचानक थांबवली की दाबलेल्या फिट उसळून येतात, कधी एकामागून एक न थांबता येतात, आणि ते जिवावर बेतू शकतं. त्यात परीक्षेचं जागरण आणि टेन्शन. पेपरच्या हॉलमध्ये फिट आली तर मार्कांचं सोडा, पोराचं नाव त्या गोष्टीशी जोडलं जातं. त्यापेक्षा परीक्षेच्या चार-पाच महिने आधी, दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांशी बोला की अभ्यासात अडचण आहे, बदलायचं असेल तर आत्ता बदला. जानेवारी-फेब्रुवारीत गोळ्या बदलायच्या नसतात असं मी माझ्यापुरतं ठरवलंय, कारण बदलाचे पहिले आठवडे बेभरवशाचे असतात. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा, पोरं रात्री एक-एकपर्यंत जत्रेत फिरतात, झोप मोडणं हे फिटचं मोठं कारण आहे, त्या वर्षी लवकर घरी आणा.

अभ्यासाला काय मदत होते ते सांगते: एका बैठकीला पंचवीस मिनिटं, मोठ्याने वाचणं, लिहून काढणं, आणि गोळी घेतल्यानंतरचा जड तास टाळून बसणं.

८. लहान मुलांचं काय? बालवाडीतल्या पोराला गार्डिनाल दिलंय.

लहान मुलांत सुस्तीपेक्षा उलटंच दिसतं. फेनोबार्बिटोनवर काही मुलं अति चळवळी होतात, एका जागी बसत नाहीत, हट्ट करतात. तापात फिट येणाऱ्या लहान मुलांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, १९९० साली छापून आला, त्यात हे औषध घेणाऱ्या मुलांचा बुद्ध्यांक न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ८ गुणांनी कमी आला. म्हणून नुसत्या तापातल्या फिटसाठी ते रोज देणं आता सहसा टाळतात. पण तान्ह्या बाळांच्या फिटसाठी आणि काही आजारांत ते अजूनही लागतं, म्हणून "का दिलंय आणि किती दिवस" एवढं विचारा.

शाळेत क्षणभर टक लावून बसणाऱ्या मुलांच्या फिटवर २०१० साली मोठा अभ्यास आला. व्हॅलप्रोएट आणि इथोसक्सिमाइड दोन्हींनी फिट सारख्याच थांबल्या, पण लक्षाची अडचण व्हॅलप्रोएटवाल्या ४९ टक्के मुलांत आणि इथोसक्सिमाइडवाल्या ३३ टक्के मुलांत दिसली. मला यातनं एवढंच घ्यावंसं वाटतं की फिट थांबल्या म्हणजे काम झालं असं नाही, वर्गात काय चाललंय हेही बाईंना विचारायला पाहिजे.

एक अपवाद. मूल आधी बोलत होतं, अक्षर ओळखत होतं, आणि आता येत असलेलंच विसरत चाललंय, तर गोळीला दोष देऊन थांबू नका. काही मुलांत झोपेत मेंदूत सतत फिटसारख्या विजेच्या लहरी चालू असतात, बाहेरून काहीच दिसत नाही, झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढल्यावरच कळतं.

९. डॉक्टर रक्तातली गोळीची लेव्हल करायला सांगतात. ती नॉर्मल आली तर गोळीचा दोष नाही ना?

तसं नाही. लेव्हल मर्यादेत असूनही एखाद्याला त्रास होतो.

फेनिटॉइनचं तर विशेष लक्षात ठेवा. तिची मर्यादा साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलि. यकृताची ती पचवायची ताकद एका ठिकाणी संपते, मग डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उडी मारतं. भरलेल्या घागरीत तांब्याभर ओतल्यावर जसं होतं तसं. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो आणि लोक नको ते बोलतात. आणि ज्यांच्या रक्तात अल्ब्युमिन (औषधाला धरून ठेवणारं प्रथिन) कमी आहे, म्हणजे अशक्त, किडनी किंवा लिव्हरचे पेशंट, त्यांची लेव्हल कागदावर बरोबर दिसते पण मोकळं फिरणारं औषध जास्त असतं.

व्हॅलप्रोएटवर असलेला माणूस एकाएकी झोपाळू, गोंधळलेला झाला, तर अमोनिया तपासायला लागतो. लिव्हरचा रिपोर्ट चांगला असतानाही अमोनिया वाढलेला असू शकतो.

१०. सुनेला दिवस राहिलेत आणि व्हॅलप्रोएट चालू आहे. बाळाच्या डोक्यावर परिणाम होतो म्हणतात.

होतो, आणि हे लपवण्यासारखं नाही. व्हॅलप्रोएटने बाळात व्यंग आणि पुढं शिकण्याच्या अडचणी येण्याचा धोका बाकी गोळ्यांपेक्षा बराच जास्त आहे, आणि डोस जितका मोठा तितका जास्त. २०१३ साली छापलेल्या अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक असा आला: आई व्हॅलप्रोएटवर होती ती ९७, कार्बामॅझेपीनवर १०५, लॅमोट्रिजीन आणि फेनिटॉइनवर १०८. त्याच अभ्यासात गर्भ राहण्याच्या सुमाराला फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्या आयांची मुलं पुढं होती.

पण आता दिवस राहिलेतच तर गोळी घरच्या घरी बंद करायची नाही, आईला मोठी फिट आली तर दोन्ही जीव धोक्यात. आजच्या आज न्यूरो आणि बाळंतपणाच्या डॉक्टर दोघांना कळवा. खरी वेळ लग्नाआधीची असते. आपल्याकडं मुलीच्या गोळ्या लग्नात लपवतात, मग सासरी गोळी चोरून घ्यायची, चुकवायची, आणि औषध बदलायचा मोका हातचा जातो. फिटच्या आजारावरून लग्न मोडता येतं अशी कायद्यात जी तरतूद होती ती १९९९ सालीच काढून टाकली. मी आमच्या मुलीच्या बाबतीत पहिल्याच बैठकीत सांगणार आहे.

११. सासऱ्यांचं वय ७३. गोळी सुरू झाल्यापासून गोंधळतात, घरातल्या घरात वाट चुकतात. म्हातारपणच ना?

म्हातारपण म्हणून सोडू नका. कार्बामॅझेपीन आणि त्याहून जास्त ऑक्सकार्बाझेपीनने रक्तातलं सोडियम उतरतं, त्यात बीपीची लघवीची गोळी चालू असेल तर अजूनच. सोडियम उतरलं की गोंधळ, तोल जाणं, आणि फार उतरलं तर फिटसुद्धा. साधी रक्ताची तपासणी आहे, करून घ्या. लेव्हेटिरासिटॅम किडनीवाटे जाते, म्हणून किडनी कमजोर असेल तर नेहमीचा डोसही जास्त होतो.

व्हॅलप्रोएटने काही वयस्कांत हात थरथरणं, चाल मंदावणं आणि विसरणं असं हळूहळू येतं, हुबेहूब पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंशासारखं. कधी वर्षांनी येतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. औषध बदलल्यावर पुष्कळदा उतरतं.

१२. मी लूमवर (यंत्रमागावर) रात्रपाळीला असतो, बायको विड्या वळते तिला गोळ्या चालू आहेत. काम करू शकतो का आम्ही?

विड्या वळणं बसून आहे, हाताचा वेग कमी झाला तर हजारी (हजार विड्यांची मोजणी) कमी भरेल, मजुरी कमी पडेल, तो त्रास खराच आहे आणि तोही डॉक्टरांना सांगण्यासारखा आहे. "रोज एवढ्या व्हायच्या आता एवढ्याच होतात" हा आकडा कुठल्याही चाचणीपेक्षा कमी नाही.

तुम्हालाही गोळ्या असतील तर मात्र लूमचं वेगळं. गोळी नवीन असताना किंवा डोस वाढल्यावर पहिले काही आठवडे चालत्या मशिनपाशी जाऊ नका, आणि रात्रपाळी तर फिटच्या माणसाला नकोच. मुकादमाशी बोलून दिवसपाळी किंवा कांडी भरायचं, घड्या घालायचं काम मागा.

१३. उन्हाळ्यात आणि उपवासाला त्रास वाढतो. गोळीचा संबंध आहे का?

आहे. टोपिरामेट आणि झोनिसामाइडने घाम कमी येतो, मुलांत जास्त. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, तिथं घाम न येणं म्हणजे अंग तापत जाणं, आणि मूल मलूल पडतं ते गोळीच्या गुंगीने असं समजून आपण झोपवतो. कपाळ कोरडं आणि अंग गरम लागलं तर लगेच गार करा, दवाखाना गाठा. याच दोन गोळ्यांनी मुतखडाही होऊ शकतो म्हणून पाणी भरपूर. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं म्हणून प्यायच्या पाण्यात काटकसर करणारी घरं मी बघितलीत, बाकी कशातही करा, यात नको.

एकादशीला गोळी चुकवायची नाही. गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपवास मोडत नाही असं आमच्या सासूबाईच सांगायच्या, आणि त्या पंढरीची वारी करणाऱ्या होत्या. निर्जळी मात्र नको.

बुद्धीसाठी ब्राह्मीच्या गोळ्या किंवा कुठल्या गावची पुडी आणायची का, हेही बरेच जण विचारतात. ब्राह्मीचं डॉक्टरांना दाखवून ठरवा. पुडी नको. फिटच्या "जडीबुटी"च्या पुड्यांत न सांगता फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन मिसळलेलं पूर्वी तपासणीत सापडलेलं आहे, म्हणजे तेच औषध दुप्पट पोटात आणि डोकं आणखी जड.

१४. गोळी बदलून चार महिने झाले, तरी विसरणं तसंच आहे.

मग इतर गोष्टी एकेक करून बघायच्या. झोप नीट होते का, रात्री घोरून श्वास अडकतो का. मन उदास आहे का, कारण उदास माणसाला आपली आठवण गेली असं फार वाटतं, आणि फिटच्या आजारात उदासी खूप जणांना असते. बी १२ आणि थायरॉइड तपासा, शाकाहारी घरांत बी १२ कमी सापडणं नेहमीचं आहे. आणि झोपेत फिट येत नाहीत ना हे बघा: सकाळी जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं, अंथरूण ओलं. रात्रीची फिट कुणी बघत नाही, दुसऱ्या दिवशीचं विसरणं मात्र सगळे बघतात आणि गोळीला नाव ठेवतात.

हे सगळं पाच मिनिटांत सिव्हिलच्या गर्दीत सांगायचं कसं? वहीचं एक पान. वर गोळ्यांची नावं आणि वेळा, खाली फिटच्या तारखा, त्याखाली विसरल्याचे तीन खरे प्रसंग, तारखेसकट. "विसरते" असं लिहू नका. "मंगळवारी गॅसवर दूध ठेवून शेजारी गेली, भांडं जळालं" असं लिहा. केसपेपरवर ते पान ठेवलं की डॉक्टर वाचतातच, माझा अनुभव आहे. स्ट्रिपा पण बरोबर न्या, मेडिकलवाल्याने कंपनी बदलून दिली असेल तर तिथंच कळतं.

१५. गोळी कमी केली किंवा बंद झाली की डोकं परत पहिल्यासारखं होतं?

गोळीमुळे झालेलं असेल तर पुष्कळसं परत येतं. आमच्याकडं टोपिरामेट पूर्ण उतरल्यावर महिन्याभरात शब्द यायला लागले, वर्गात बोलायला मात्र पोरीला वर्ष लागलं, ती भीती औषधाची नव्हती. आजारामुळे किंवा मेंदूतल्या जुन्या जखमेमुळे जे आहे ते गोळी काढून जात नाही.

पूर्ण बंद करायचा विचार साधारण दोन वर्षं एकही फिट न आल्यावर डॉक्टर करतात, तेही ईईजी आणि फिटचा प्रकार बघून, आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं कमी करत. फेनोबार्बिटोन आणि क्लोबाझाम तर फारच सावकाश. एक प्रकार असा आहे की वयात येताना सुरू होतो, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके बसतात, कप हातातनं उडतो. त्यात वर्षानुवर्षं फिट नसली तरी गोळी थांबवल्यावर बहुतेकांना परत येते. अशांनी "बंद कधी करायची" यापेक्षा "डोक्याला हलकी अशी कमीत कमी डोसची गोळी कुठली" हे विचारावं, आणि मुलगी असेल तर प्रश्न १० वाचूनच विचारावं.